तीन पासांचा वाद

१८ मार्च १९५०, शनिवार. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या काउंटी ग्राउंडवर स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांचा सामना चालू होता. प्रेक्षकांत पंचेचाळीस वर्षांचे चार्ल्स रीप बसले होते. ते ब्रिटिश हवाई दलात विंग कमांडर होते, पण त्यांचं काम विमानाचं नव्हतं, हिशेबाचं होतं. पहिल्या अर्ध्यात यजमान संघाच्या चढाया एकामागून एक वाया जाताना पाहून रीप वैतागले. मध्यंतरात त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि दुसऱ्या अर्ध्यात मैदानावर जे घडेल ते खुणांनी टिपायला सुरुवात केली. चेंडू कुठे मिळाला, किती पास झाले, चढाई कुठे संपली, सगळं. स्विंडनच्या जवळपास दीडशे चढाया वहीत उतरल्या. त्यांतल्या बहुतेक सगळ्या फुकट गेल्या होत्या.

रीप यांची वही पुढची जवळजवळ पन्नास वर्षं मिटली नाही. फुटबॉलमध्ये आकड्यांची किंमत किती, हा चाहत्यांमधला सर्वांत चिवट वाद तिच्यातूनच वाढला, आणि तो आजही तितकाच तापलेला आहे. बहुतेक लोक हा वाद ‘डोळा की आकडा’ असा मांडतात. मला मात्र तो इतिहासात कुठेच असा सरळ दिसत नाही. रीप यांच्या नोंदींत फारशी खोट नव्हती. चूक झाली ती एका भागाकारात. तो भागाकार तपासण्याऐवजी एका बाजूने आकड्यांची आरती केली आणि दुसरीने त्यांना शिव्या घातल्या. त्यात इंग्लिश फुटबॉलची कित्येक वर्षं गेली.

आपल्याकडच्या वाचकाला आकड्यांवरून इतकं भांडण होऊ शकतं हेच नवल वाटेल, कारण आपण क्रिकेटवर वाढलो. क्रिकेटचा प्रत्येक चेंडू वेगळा असतो, तो टाकला की खेळ थांबतो, आणि स्कोअररच्या वहीत त्याला स्वतःचा चौकोन मिळतो. सरासरी काढायला कुणाची परवानगी लागत नाही. फुटबॉल थांबत नाही. नव्वद मिनिटांत एक-दोन गोल होतात, बाकी सारं वाहत जातं. मोजायचं तर आधी ठरवावं लागतं की या प्रवाहाचे तुकडे कुठे पाडायचे. रीप यांनी तुकडा पाडला तो असा: संघाला चेंडू मिळाल्यापासून तो हातचा जाईपर्यंतची एक चाल. त्या चालीत किती पास झाले तेवढं मोजायचं.

ही कल्पना त्यांना स्विंडनच्या स्टँडमध्ये अचानक सुचलेली नव्हती. १९३३ मध्ये आर्सेनलच्या चार्ली जोन्स यांनी हर्बर्ट चॅपमन यांच्या संघाची पद्धत समजावून सांगणारी व्याख्यानं दिली होती. श्रोत्यांत तरुण रीप होते. चेंडू मागून पुढे झपाट्याने जावा, विंगरने बगलेवरून सरळ गोलकडे धाव घ्यावी, ही आर्सेनलची रीत त्यांच्या मनात पक्की बसली. म्हणजे वही उघडली तेव्हा उत्तर बरंचसं ठरलेलं होतं. पुढच्या साऱ्या कहाणीत ही गोष्ट विसरून चालत नाही.

१९५१ मध्ये लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. ब्रेंटफर्ड तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता आणि तिसऱ्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता. रीप आले आणि क्लब वाचला. श्रेय किती आकड्यांचं आणि किती खेळाडूंचं, याचा निवाडा आज कुणी करू शकणार नाही, पण इंग्लंडमधल्या मॅनेजरांच्या कानावर त्यांचं नाव गेलं. पुढे वॉल्व्हरहॅम्प्टन वॉन्डरर्सचे मॅनेजर स्टॅन कलिस त्यांच्याशी बोलू लागले. कलिस यांना सरळ, वेगवान, पुढे मुसंडी मारणारा खेळ आधीपासूनच प्रिय होता. रीप यांच्या कागदांनी त्याला आधार दिला.

मग आला तो नोव्हेंबर. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं हरवलं. युरोप खंडातला एखादा संघ इंग्लंडमध्ये येऊन यजमानांना हरवतो, हे त्याआधी कधीच घडलं नव्हतं. हिदेगकुटीने पहिल्याच मिनिटात गोल केला, पुश्काशने बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढत इंग्लंडचा कर्णधार बिली राइट याला चकवलं, आणि एक लाखावर प्रेक्षकांनी आपला खेळ आपल्यासमोर परका होताना पाहिला. देशभर एकच चर्चा सुरू झाली: छोट्या छोट्या पासांचा हा खेळ आपण शिकायचा का?

कलिस यांचं उत्तर तेरा महिन्यांनी आलं. १३ डिसेंबर १९५४ रोजी पुश्काशचा होन्व्हेद संघ वॉल्व्ह्जच्या मोलिन्यू मैदानावर आला. पावसाळी दिवस असूनही कलिस यांनी सकाळी मैदानावर आणखी पाणी मारून घेतलं. मध्यंतराला होन्व्हेद २-० ने पुढे होता. दुसऱ्या अर्ध्यात चिखल इतका झाला की आखूड पास पायांतच रुतू लागले, आणि वॉल्व्ह्जच्या लांब टोल्यांनी पाहुण्यांचा दम काढला. सामना ३-२ असा फिरला. कलिस यांनी आपला संघ जगज्जेता असल्याचं जाहीर केलं. पॅरिसच्या ‘लेकिप’ या दैनिकातल्या गाब्रिएल आनो यांना ते रुचलं नाही. त्यांनी युरोपभरच्या विजेत्यांची स्पर्धा भरवण्याची हाक दिली, आणि १९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला. इंग्लंडमधल्या सरळ खेळाच्या भक्तांना मात्र त्या चिखलात एवढंच दिसलं की आपलंच खरं होतं.

रीप १९५५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले आणि शेफील्ड वेन्सडे क्लबने त्यांना पगारी नोकरीवर घेतलं. पुढच्याच वर्षी क्लब पहिल्या श्रेणीत चढला, दोन वर्षांनी खाली घसरला, आणि रीप बाहेर पडले. त्यांची नोंद थांबली नाही. प्रकाशझोतातल्या सामन्यांना ते खाणकामगारांचा दिवा लावलेलं हेल्मेट घालून बसत, म्हणजे वहीवर उजेड पडे. १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा आलेख त्यांनी भिंतीला लावायच्या कागदाच्या गुंडाळीवर काढला होता. एका सामन्याच्या नोंदींची छाननी करायला त्यांना कित्येक दिवस लागत. संगणक नाही, व्हिडिओ नाही, मदतनीस नाही. या माणसाच्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण त्या चिकाटीपुढे मी हात जोडतो.

१९६८ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात रीप आणि संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांचा शोधनिबंध आला. विषय होता फुटबॉलमधलं कौशल्य आणि योगायोग. १९५३ ते १९६७ या काळातल्या ५७८ सामन्यांच्या नोंदी त्यात वापरल्या होत्या. दर दहा शॉट्समागे साधारण एक गोल होतो. साधारण ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ चेंडू हिसकावला तर त्यातून गोल होण्याची शक्यता बरीच वाढते. रीप यांचा सल्ला सरळ होता: तीनपेक्षा जास्त पास करू नका, चेंडू लवकरात लवकर पुढे पाठवा, आणि शॉट्सची संख्या वाढवा.

चूक त्याच निबंधाच्या तक्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. एकूण चालींपैकी ९१.५ टक्के चाली तीन किंवा त्याहून कमी पासांतच संपत होत्या. म्हणजे ९१.५ टक्के चालींनी ८० टक्के गोल दिले, आणि उरलेल्या ८.५ टक्के लांब चालींनी तब्बल २० टक्के. दर चालीमागे गोल मोजले तर लांब चाल आखूड चालीच्या अडीच पटींहून जास्त फलदायी ठरते. रीप यांच्याच आकड्यांनी रीप यांच्या सल्ल्याविरुद्ध साक्ष दिली होती. गोल कोणत्या चालींतून जास्त होतात आणि कोणती चाल जास्त गोल देते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रीप यांनी पहिल्याचं उत्तर काढलं आणि दुसऱ्याचं म्हणून वाटलं.

ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कशी आली नाही? माझ्या मते कारण हे की, ज्यांना हा खेळ कुरूप वाटत होता ते आकडे वाचायलाच तयार नव्हते. ‘फुटबॉल वहीत मावत नाही’ असं म्हणून त्यांनी वही बंद केली. ती उघडून नीट वाचली असती तर तिच्यातच त्यांचा युक्तिवाद तयार होता.

तोवर सिद्धांताला नवे अनुयायी मिळत गेले. १९७७ मध्ये ग्रॅहम टेलर वॉटफर्डचे मॅनेजर झाले. क्लब चौथ्या श्रेणीत होता आणि अध्यक्ष होते गायक एल्टन जॉन. टेलर यांचा संघ चेंडू लवकर पुढे पाठवायचा आणि समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात घेरायचा. पुढे त्यांचा रीप यांच्याशी संबंध आला, तरी आपली पद्धत त्याआधीचीच आहे असं टेलर सांगत. सहा वर्षांत वॉटफर्ड पहिल्या श्रेणीत दुसरा आला, त्याच्यापुढे फक्त लिव्हरपूल होता. १९८४ मध्ये तो एफए कपच्या अंतिम सामन्यात खेळला. बाकीच्या देशाने या खेळाला ‘उचल आणि फेक’ म्हणून हिणवलं. वॉटफर्डच्या माणसाला त्याचं काय? ज्याने चौथ्या श्रेणीचे ओलेचिंब शनिवार उभं राहून काढले, त्याला जॉन बार्न्ससारखा विंगर आपल्या अंगणात मुसंड्या मारताना दिसत होता. तो खेळ कंटाळवाणा होता असं त्या गावात कुणी मानत नाही. सौंदर्याचा वाद बाहेरचे लोक घालत होते.

विम्बल्डनची गोष्ट त्याहून टोकाची. १९७७ मध्ये लीगमध्ये पहिल्यांदा प्रवेश मिळालेला हा क्लब १९८६ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि १९८८ मध्ये त्याने एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० ने हरवलं. पण एखाद्या गरीब क्लबने निवडलेला मार्ग आणि साऱ्या देशाला शिकवायचा धडा या वेगळ्या गोष्टी आहेत. फुटबॉल असोसिएशनचे प्रशिक्षण प्रमुख चार्ल्स ह्यूज यांनी नेमकी हीच गल्लत केली. १९९० च्या त्यांच्या ‘द विनिंग फॉर्म्युला’ या पुस्तकात १०९ सामन्यांतल्या २०२ गोलांचा हिशेब होता, आणि त्यांतले ८७ टक्के गोल पाच किंवा त्याहून कमी पासांतून झाल्याचा निष्कर्ष. पुन्हा तोच अर्धा प्रश्न. आणि यावेळी त्याच्यामागे संस्थेचा शिक्का होता. प्रशिक्षकांची परीक्षा ज्यांच्या हातात, अभ्यासक्रम त्यांचाच.

टेलर १९९० मध्ये इंग्लंडचे मॅनेजर झाले. २ जून १९९३ रोजी ऑस्लोमध्ये नॉर्वेने त्यांच्या संघाला २-० ने हरवलं, आणि इंग्लंड १९९४ च्या विश्वचषकाला पात्र ठरू शकला नाही. नॉर्वेचे प्रशिक्षक एगिल ओल्सेन हेही रीप यांना गुरुस्थानी मानणारे. पण ओल्सेन क्रीडाशास्त्राच्या संस्थेत शिकवत असत, त्यांनी आकडे स्वतः नव्याने मोजले. किती पास झाले यापेक्षा समोरचा बचाव विस्कटलेला असताना चेंडू पुढे जातो की नाही, हा त्यांचा कळीचा प्रश्न होता. उंचापुऱ्या योस्टाइन फ्लोला त्यांनी बगलेवर उभं केलं आणि मैदानाच्या तिरक्या रेषेत त्याच्या डोक्यावर लांब पास पाठवले, कारण तिथे त्याच्या अंगावर येणारा बचावपटू बुटका असायचा. अर्ध्या कोटीच्या आसपास वस्तीचा देश जागतिक क्रमवारीत दुसरा आला. १९९८ च्या विश्वचषकात मार्सेयमध्ये नॉर्वेने ब्राझीलला २-१ ने हरवलं तेव्हा रीप नव्वदी ओलांडलेले होते. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं.

मोजणीतून नेहमी लांब टोलेच निघतात असंही नाही. पूर्वेकडे कीव शहरात व्हालेरी लोबानोव्स्की हा अभियांत्रिकी शिकलेला प्रशिक्षक आणि अनातोली झेलेन्त्सोव हा शास्त्रज्ञ मिळून डायनामो कीवचा प्रत्येक खेळाडू मोजत होते. बावीस खेळाडूंकडे ते दोन भिडणाऱ्या यंत्रणा म्हणून पाहायचे. ज्या संघाच्या कृतींत चुकांचं प्रमाण १५ ते १८ टक्क्यांच्या आत राहील तो हरत नाही, असं झेलेन्त्सोव यांचं गणित होतं. डायनामोने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये युरोपियन कप विनर्स कप जिंकला, तोही पास, धाव आणि दबाव यांच्या घट्ट विणीतून. तिथेही चाहत्यांत फूट होतीच. मॉस्कोच्या स्पार्टाकचे लोक आपला खेळ माणसांचा आणि कीवचा यंत्राचा म्हणत.

नव्वदच्या दशकात मोजणीचा धंदा झाला. १९९६ मध्ये ऑप्टा कंपनी प्रीमियर लीगचे आकडे गोळा करू लागली आणि पास, टॅकल, शॉट अशी बेरीज चाहत्यांच्या हातात आली. आता प्रत्येकाजवळ दारूगोळा होता, पण तो बराचसा कच्चा. त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण याप स्टामचं. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने हा डच बचावपटू लॅझिओला विकला. त्याच्या टॅकलची संख्या घटली होती आणि ते या निर्णयामागचं एक कारण होतं, असं सांगितलं जातं. खुद्द ॲलेक्स फर्ग्युसन यांनी ती विक्री चूक असल्याचं पुढे मान्य केलं. चांगला बचावपटू अशा जागी उभा राहतो की टॅकल करायची वेळच येत नाही, हे स्टँडमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याने सांगितलं असतं. इथे डोळा बरोबर होता.

मग २००५ मध्ये माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स या संशोधकांनी विश्वचषकाच्या नोंदी घेऊन तो जुना भागाकार अखेर नीट केला. गोलांची संख्या त्या-त्या लांबीच्या चालींच्या संख्येने भागली, आणि लांब चालींचं पारडं जड झालं. जोनाथन विल्सन यांनी २००८ च्या ‘इन्व्हर्टिंग द पिरॅमिड’ या पुस्तकात रीप आणि चार्ल्स ह्यूज प्रकरणाची चिरफाड केली तेव्हा ते सामान्य चाहत्यापर्यंत पोहोचलं. स्विंडनच्या सामन्याला तोवर अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

पुढचा टप्पा ‘अपेक्षित गोल’ किंवा एक्सजीचा. प्रत्येक शॉटला त्याच्या जागेवरून, कोनावरून, पायाने की डोक्याने यावरून गोल होण्याची शक्यता जोडायची. पेनल्टीला सुमारे पाऊण गोल, तीस यार्डांवरून मारलेल्या टोल्याला दोन-चार शतांश. सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या दिवशी संघाने किती गोलांच्या संधी उभ्या केल्या त्याचा अंदाज. ऑगस्ट २०१७ मध्ये बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’मध्ये हा आकडा दिसू लागला आणि ठिणगी पडली. त्याच नोव्हेंबरात आर्सेन वेंगर यांनी पराभवानंतर एक्सजीचा दाखला दिला तेव्हा स्कायवरचे निवेदक जेफ स्टेलिंग पडद्यावरच भडकले. सामना हरलात, हा एकच आकडा खरा, असा त्यांचा सूर होता, आणि लाखो चाहत्यांना तो आपलाच वाटला. मी त्या चाहत्यांना अडाणी म्हणणार नाही. गुणफलकासाठीच तर जीव टांगणीला लागतो. पण गुणफलक पुढच्या सामन्याबद्दल फार कमी सांगतो. न्यूकॅसल २०११-१२ मध्ये पाचवा आला तेव्हा त्याने केलेले गोल खाल्लेल्या गोलांपेक्षा फक्त पाचाने जास्त होते. क्लबने मॅनेजर ॲलन पार्ड्यू यांना आठ वर्षांचा करार दिला. पुढच्या हंगामात न्यूकॅसल सोळावा होता.

हे सारं प्रत्यक्ष जगून पाहिलं ते ब्रेंटफर्डच्या पाठीराख्यांनी, म्हणजे रीप यांच्या पहिल्या क्लबच्या माणसांनी. हा क्लब काही वर्षं पाठीराख्यांच्याच ट्रस्टच्या मालकीचा होता. २०१२ मध्ये तो मॅथ्यू बेनहॅम यांच्या हाती गेला. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकलेले, फुटबॉलच्या सट्ट्यासाठी संख्यात्मक अंदाज बांधणारी कंपनी चालवणारे, आणि लहानपणापासून ब्रेंटफर्डचे चाहते. फेब्रुवारी २०१५ मध्ये क्लबने जाहीर केलं की मॅनेजर मार्क वॉर्बर्टन हंगाम संपताच जातील. क्लब दुसऱ्या पातळीवर वरच्या जागांसाठी झुंजत होता. अनेक दशकांत असा हंगाम कुणी पाहिला नव्हता. पाठीराखे संतापले आणि त्यांचा राग मला पूर्ण समजतो. खेळाडूंवर विश्वास टाकणारा, गावाला आपला वाटणारा माणूस जात होता आणि कारण होतं कामाच्या पद्धतीवरचा मतभेद. पुढचा मॅनेजर काही सामन्यांतच गेला. तेव्हा ‘आकडेवाल्यांनी क्लब बुडवला’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणं कठीण होतं.

क्लब बुडाला नाही. दुसऱ्या क्लबांच्या नजरेतून सुटलेले खेळाडू स्वस्तात घ्यायचे, वाढवायचे, महागात विकायचे, आणि फ्री किक, कॉर्नर, थ्रो-इन यांवर तासन्‌तास मेहनत घ्यायची, हा क्रम त्यांनी सोडला नाही. २९ मे २०२१ रोजी वेम्बलीवर स्वान्सीला हरवून ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये चढला. १३ ऑगस्टला पहिला सामना आर्सेनलशी, आणि ब्रेंटफर्डने तो २-० ने जिंकला. १९४७ नंतर पहिल्यांदाच हा क्लब सर्वोच्च श्रेणीत खेळत होता. दुसरा गोल मॅड्स बेक सोरेन्सनच्या लांब थ्रो-इनवरून आला. चेंडू गोलसमोर टप्पा खात पलीकडे गेला आणि क्रिस्टियन नोरगोरने तो डोक्याने आत ढकलला. एक फेक, एक टप्पा, गोल. चार्ल्स ह्यूज यांच्या शिष्यांना तो ओळखीचा वाटला असता, पण त्यामागचा विचार वेगळा होता. ब्रेंटफर्डने ‘कमी पास म्हणजे चांगले’ असा नियम केला नव्हता. या एका जागेवरून, या एका फेकीतून किती मिळतं, एवढंच तपासलं होतं.

आताचं भांडण लांबच्या शॉटवर आहे. एक्सजीने संघांना सांगितलं की पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारणं बहुतेक वेळा फुकट जातं, आणि प्रीमियर लीगमध्ये शॉट मारण्याचं सरासरी अंतर वर्षागणिक कमी होत गेलं. स्टँडमधले लोक मात्र पंचवीस यार्डांवर जागा मिळाली की अजूनही एका सुरात ‘शूट’ ओरडतात, आणि खेळाडूने बाजूला पास दिला की हळहळतात. विश्लेषक त्यांना शतांश दाखवतात. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळा हिशेब केला. शॉट न मारता पास दिला तर त्यातून अधिक चांगली संधी खरोखर किती वेळा तयार होते, हे त्यांनी तपासलं. ती अपेक्षेपेक्षा कमी वेळा तयार होत होती. काही जागांवरून काही संघांनी लांबून जास्त वेळा मारलं, तर त्यांचे गोल वाढतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. क्लबांच्या विश्लेषण विभागांत आणि चाहत्यांच्या अड्ड्यांवर त्यावर वाद चालू आहे. यावेळी ‘शूट’ ओरडणाऱ्यांच्या बाजूनेही कोष्टकं आहेत.